न थांबता रोह्यापर्यंत

जना, आपलं भांडण मी जिंकलो.

हे सांगायला परवा मी खिशातून फोन काढलासुद्धा. नंबर लावायच्या आत आठवलं, की तुझा फोन रेखाने कारखान्यातल्या फळीवर ठेवलाय आणि ती तो रोज न चुकता चार्ज करते. तो वाजला असता तर तिचं काय झालं असतं कुणास ठाऊक. तुला जाऊन पंधरवडा उलटला, तरी माझं हे असं चाललंय. शिफ्ट सुटली की पहिला फोन तुला करायची सवय आहे, ती सुटत नाही.

भेटायला येणारे सगळे म्हणतात, जनार्दन फार शांत माणूस होता. मी मान हलवतो. ह्या लोकांनी तुला माझ्याशी भांडताना कधी ऐकलेलं नाही. माझ्या हाताची, माझ्या कंपनीची आणि माझ्या अख्ख्या फिटरकीची तू जी काही इज्जत काढायचास, ती ऐकली असती तर त्यांनी शांत हा शब्द लगेच मागे घेतला असता. मला तोच जना हवाय. फोटोला हार घालून पाटावर ठेवलेल्या त्या शांत जनाचं मी काय करू?

आपण आधी आयटीआयतले दोस्त, मेव्हणे नंतर. मी फिटर होऊन धाटावच्या केमिकल कंपनीत चिकटलो. तू जोह्याला बापाच्या गणपतीच्या कारखान्यात परतलास, आणि रोह्याला आमच्या घरी जेवायला येता येता एक दिवस माझ्या धाकट्या बहिणीला, रेखाला, घेऊन गेलास. तुम्हाला मूलबाळ झालं नाही. त्यावर तू कधी बोलला नाहीस, मीही कधी विचारलं नाही. पण रामवाडीच्या भंगारवाल्याकडे बुलेटचा तो गंजका सांगाडा बघून तू ज्या मायेने त्याच्यावरून हात फिरवलास, तो हात मी विसरलेलो नाही. मी म्हटलं, ह्याला चाकं कुठेत? इंजिन कुठाय? टाकी? तू म्हणालास, "मिळंल रं. गणपती काय अख्खा एका साच्यातनं निघतो व्हय? हात येगळे, सोंड येगळी. जोडला की एक."

मग आपण जोडायला घेतलं. इंजिन मी शोधलं, रोह्यात एका बंद गिरणीच्या मागे, ताडपत्रीखाली पडलेलं, भलत्याच बुलेटचं. पुढचा फोर्क राजदूतचा. टाकी कुठल्या गाडीची ते अजून कुणाला ओळखता आलेलं नाही. तिच्या तोंडाला बसेल असं टोपण मिळेना, तेव्हा तू खारपट्टीतल्या कुणाच्या तरी शेतावरच्या जुन्या पाण्याच्या इंजिनाचं पितळी टोपण घेऊन आलास आणि ते असं काही बसलं, की आठवडाभर तू त्याच्याशिवाय दुसरं काही बोलला नाहीस. मडगार्ड तर कुठलंच पसंत पडेना. शेवटी ते तू आधी प्लास्टरमध्ये घडवलंस आणि पेणच्या पत्रेवाल्यापुढे ठेवून म्हणालास, अस्संच ठोक. ते ठोकलेलं मडगार्ड रेखाच्या जुन्या साडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन तू मला दाखवायला रेल्वेने रोह्याला आलास. समोरच्या बाईने विचारलं, "मूर्ती हाय का हो?" तू म्हणालास, "व्हय." आणि तिने नमस्कार केला. हे सांगताना तुला इतकं हसू आलं होतं, की आईने आतून विचारलं काय झालं म्हणून.

राजदूतचा फोर्क बुलेटच्या मानेत बसेना तेव्हा मी लेथवर बुश कातून आणले. मी ते ठोकून बसवतोय आणि तू मागे उभा राहून, एक डोळा मिटून सांगतोयस, "पोट खाली आलंय. बैठक जरा वर घे." मी वैतागून म्हटलं, ही मोटारसायकल आहे, गणपती नाही. तू म्हणालास, "बैठक चुकली की दोन्ही पडतात." बैठक मी वर घेतली. गाडी त्यानेच सरळ उभी राहिली, हे मी तेव्हा कबूल केलं नाही आणि आता केलं तरी तू ऐकणार नाहीस.

रंग तू कुणाला हात लावू दिला नाहीस. आणि पहिल्यांदा गाडी कारखान्यातून बाहेर काढली तेव्हा तू खिशातला रुमाल काढून दिव्यावर बांधलास. तुमच्याकडे मूर्ती कारखान्यातून निघाली की घरी पोचेपर्यंत तोंड झाकतात, तसं. रेखा दारात उभी राहून पोट धरून हसत होती. तू तिला म्हणालास, "बस गो मागं, माहेरी सोडतो." ती म्हणाली, "मी नाय रस्त्यात बसायची. जोह्यातनं निघून न थांबता रोह्याला पोचव, मंग बसते." तू तिला शब्द दिलास. आपण दोघं निघालो, आणि वडखळच्या पुढे गाडी बंद पडली.

तिथून पुढे तो शब्द तुझ्या उरावर बसला. गाडी सुरू व्हायची झकास. पाच-दहा मैल अशी पळायची, की तू मागून माझ्या खांद्यावर तबला वाजवायचास. मग एकदम दम तुटल्यासारखी गचके खायची आणि बंद. कधी वडखळला, कधी नागोठण्याच्या अलीकडे, आणि भिसे खिंडीत तर हमखास. खिंडीतल्या त्या कठड्यावर आपण जितके रविवार घालवले, तितके लोक देवळात घालवत नसतील. तू उतरलास की सगळ्यात आधी टोपण उघडायचास, टाकीत बोट दाखवायचास आणि म्हणायचास, "हे बघ, पेट्रोल हाय. तुझं इंजिन तापतंय." मी म्हणायचो, पेट्रोल आहे पण खाली उतरत नाही, दोष टाकीत आहे. मग आपण भांडायचो. थोड्या वेळाने किक मारली की गाडी चालू. तू विजयी मुद्रेने म्हणायचास, "थंड झालं बघ." पुन्हा पाच-दहा मैल, पुन्हा तेच.

त्यापायी मी ते इंजिन किती वेळा उतरवलं ते माझं मला माहीत. कार्बोरेटर धुतला, नळी बदलली, पेट्रोलचा कॉक बदलला. टोपणाला हवेचं भोक आहे ना, हेही मी तुला विचारलं होतं. टाकीत वरून हवा गेली नाही तर खालून पेट्रोल येत नाही, हे आम्हा कंपनीवाल्यांना पाठ असतं. तू टोपण माझ्या नाकासमोर धरलंस. "हे काय. एक नाय, दोन हायत." वरून दोन भोकं स्वच्छ दिसत होती. मी परत इंजिनाकडे वळलो.

आपलं शेवटचं बोलणं हेच. तू म्हणालास, ह्या रविवारी पिस्टन बदलून टाकू. मी म्हटलं, पिस्टनला हात लावायचा नाही, तू टाकी बदल. तू म्हणालास, "टाकी माझी हाय, ती चुकायची नाय." मी म्हटलं, इंजिन माझं आहे, तेही चुकायचं नाही. "ये तर रविवारी, बघू," म्हणालास आणि फोन ठेवलास. रविवार आलाच नाही. कारखान्यात भर दुपारी, कच्च्या गणपतीला पॉलिश पेपर मारता मारता तू खाली बसलास आणि उठला नाहीस. आमच्या कंपनीत फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. शिफ्ट संपवून मी तो काढला तेव्हा पडद्यावर नुसते रेखाचे मिस्ड कॉल होते, एकाखाली एक. ते मी वाचत उभा राहिलो. फोन लावायची हिंमत होईना.

तुला पोचवून आलो तेव्हा कारखान्याच्या कोपऱ्यात गाडी तशीच उभी होती. मला तिचा इतका राग आला, जना. वाटलं, तिथल्या तिथे पाना घेऊन तिचा नट न् नट सोडवावा आणि जिथलं तिथे फेकून यावं. ज्याला ती एक दिसत होती तो माणूसच गेला. मला तर त्या दिवशी तिथे नुसतं भंगार दिसत होतं.

दिवसकार्य झालं. आमच्यात त्यानंतर माहेरच्यांनी लेकीला घरी न्यायचं असतं, चार दिवस. पण आईच्या मनात चार दिवस नव्हते. तिने रोह्याची मागची खोली धुऊन घेतली, नवी गादी भरून आणली, आणि मला म्हणाली, "आता कायमची घिऊन ये तिला. तिकडं कोन हाय तिचं?" मलाही ते पटलं. का पटलं ते तुला सांगतो. तुझ्या घरातलं कुणीतरी माझ्या घरात असावं, एवढंच. घर पार रिकामं वाटत होतं, आणि त्या घरात तर तू कधी राहातही नव्हतास.

मी रेखाला विचारलं. तिने फळीवरचा तुझा फोन चार्जिंगला लावला. मग म्हणाली, "येते. पन त्या गाडीवरनं येते. त्यानं शब्द दिलेला. न थांबता पोचली तर येते, वाटंत बंद पडली तर तिथनंच मागं फिरते. मंग मला कोनी न्यायला यायचं नाय." मी म्हटलं, अगो, ती गाडी कशी आहे ते तुला माहीत आहे ना? ती म्हणाली, "म्हाइत हाय."

मी रजा टाकली आणि जोह्याला येऊन बसलो. त्या दिवसांत माझी काय हालत होती ते तुला कसं सांगू? तुझ्या कारखान्यात, तुझ्या कच्च्या गणपतींच्या रांगांमध्ये, तुझ्याच पाटावर बसून मी ते इंजिन परत सोडलं. तपासलं. सगळं ठीक. परत बांधलं. चालू केलं, चाललं, बंद पडलं. मी मोठमोठ्याने तुझ्याशी भांडत होतो. शेजारच्या कारखान्यातली माणसं डोकावून गेली. मला एकच भीती वाटत होती, की ही गाडी मला जमणार नाही, रेखा वाटेतून मागे फिरेल, आणि तू दिलेला शब्दही तुझ्याबरोबर जळून जाईल. काहीच उरणार नाही. रडायला येत होतं, पण हात ग्रीसने भरलेले, डोळे पुसायचे कशाने?

शेवटी एका सकाळी मी टाकी काठोकाठ भरली, टोपण लावलं आणि गाडी जागेवरच चालू ठेवून समोर बसलो. भरल्या टाकीला ती फारच लवकर मेली. मी तुझ्यासारखंच टोपण उघडायला गेलो. रस्त्यावर ट्रकच्या आवाजात जे कधी ऐकू आलं नव्हतं ते कारखान्याच्या शांततेत ऐकू आलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली. जना, ती हवा आत जात होती, बाहेर येत नव्हती. टाकीचा श्वास कोंडत होता, आणि दरवेळी पेट्रोल दाखवायला टोपण उघडून तूच तिला श्वास देत होतास. थंड होणं-बिणं सगळं खोटं.

टोपण उलटं केलं. आतल्या बाजूला पितळेची एक चकती आहे. वरच्या दोन भोकांतून आलेली हवा त्या चकतीतल्या बारीक भोकातून आत जायची. ते भोक तू बुजवलं होतंस. दोन पुड्या एकत्र मळून लावायचा तो करडा मसाला, मूर्तीला सोंड चिकटवायला वापरता तोच, भरून, वर पॉलिश पेपर मारून गुळगुळीत. एका ठिकाणी पेपर लागला नव्हता. तिथे तुझ्या अंगठ्याच्या रेघा होत्या.

मी ओरडून रेखाला बोलावलं. तिने ते बघितलं, बोटाने चाचपलं. तिनेही तुझ्याबरोबर इतकी वर्षं मूर्तींचं फिनिशिंग केलंय, तिला सांगायला काही लागलं नाही. म्हणाली, "प्लास्टरला फुगा येतो ना, त्याचं भोक. कारखान्यात पयल्या दिवशी हेच शिकवतात. भोक दिसलं की बुजवायचं. त्याला झिजून पडलेलं वाटलं असंल." मग थोडं हसून म्हणाली, "पंगतीत पन पत्रावळीची भोकं बुजवत बसायचा." आणि टोपण पदराने पुसायला लागली.

म्हणजे दोष टाकीतच होता. मी बरोबर होतो. एवढी वर्षं ह्या एका वाक्यासाठी मी तडफडलो, आणि आता ते हातात आलं तर त्याचं काय करायचं कळेना. तू समोर असतास तर तुझं तोंड कसं झालं असतं ते मला दिसत होतं. आधी नाही म्हणाला असतास. मग टोपण हातात घेऊन उलटं-सुलटं केलं असतंस. मग म्हणाला असतास, "बरं झालं ना मंग, सापडलं ना?" जणू काही ते तूच शोधलंस. ते एक वाक्य ऐकायला मी काय वाट्टेल ते दिलं असतं. हरायलासुद्धा तयार होतो.

भोक मोकळं करायचं म्हणजे तुझ्या अंगठ्यातून तार घालायची. मी रेखाला म्हटलं, दुसरं टोपण बघू, हे असंच ठेवू. ती म्हणाली, "काढ. दुसरं बसायचं नाय." मी तार घातली. मसाला दगडासारखा झाला होता, लवकर जाईना. शेवटी बारीक करडी भुकटी पडली माझ्या मांडीवर. रेखाने विचारलं, "आता बंद नाय पडनार?" मी म्हटलं, नाही, आता नाही पडणार. ती उठून आत गेली. मला वाटलं, कपडे भरायला गेली.

काल सकाळी आम्ही निघालो. ती मागे एका बाजूला बसली, मांडीवर एवढीशी पिशवी. हमरापूर गेलं, पेण गेलं. वडखळ आलं तसा माझा हात क्लचवर आखडला. गाडी पुढे निघून गेली. नागोठणं गेलं. खिंडीचा चढ लागला आणि मी नुसता कान देऊन ऐकत होतो. तुला खरं सांगतो, मी गाडीला मनात म्हणत होतो, पड ना बाई, एकदा बंद पड. ती बंद पडली असती तर तू बरोबर आणि मी चूक, आणि मला पुन्हा कार्बोरेटर सोडून तुला शिव्या घालता आल्या असत्या. राजदूतचा फोर्क, बुलेटचं इंजिन, कुणाची कोण ती टाकी, सगळी एकमेकांना धरून अशी चालली होती, की एक ठोका चुकला नाही. तुझा कठडा आला आणि मागे गेला. मी थांबलो नाही. न थांबता पोचवायचं होतं ना.

रोह्यात आमच्या दारात गाडी उभी केली तेव्हा मला क्षणभर आनंद झाला, लपवत नाही. तुझा शब्द मी पुरा केला असं वाटलं. मागे वळून रेखाकडे बघितलं. ती उतरली नव्हती. घराकडे बघत तशीच बसली होती. आई बाहेर आली, तिचा हात धरून म्हणाली, "ये गो. आता हितंच ऱ्हा." तेव्हा उतरली. मागच्या खोलीत जाऊन गादीच्या कडेवर बसली. जेवली नाही.

उन्हं कलली तेव्हा ती अंगणात आली. मी गाडी पुसत होतो. तिच्या हातात न्हाणीतल्या कपड्याच्या साबणाचा तुकडा होता. टाकी कुठे पाझरली की साबण घासून बुजवायची तुझी युक्ती तिने पाहिली आहे.

म्हणाली, "ते भोक कुठं हाय, दाखव."

मी विचारलं, कशाला?

"मला वाटलेलं बंद पडंल. रोज पडायची की. तिच्या भरवशावर मी येते बोल्ले. पडली असती तर तिथनंच मागं गेले असते, आनी तुमी कोन काय बोल्ला नसतात." ती माझ्याकडे बघत नव्हती, गाडीकडे बघत होती. "त्याचे गणपती अर्धे पडलेत तिकडं. हितं माझं काय हाय रं दादा?"

मी तिच्यासाठी गाडी दुरुस्त करत होतो, आणि ती इतके दिवस तुझ्या चुकीवर विसंबून होती. घरातून आईने हाक मारली, चहा झालाय म्हणून.

"उद्या सोड मला जोह्याला," ती म्हणाली. "पन ही खिंडीत बंद पडली पायजे, त्याच्याबरोबर पडायची तशी."

मी टोपण काढून तिच्या हातात दिलं. तिने नळाखाली साबण ओला केला आणि भोक बुजवायला घेतलं.